विज्ञानाची रीत आणि प्राथमिक शाळेतले मूल



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा घातली आणि पुढे ती गावोगावी पसरली. व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी सतरंजीवर बसून ऐकावे, हा आजवरचा रिवाज. आमचे जे काही शिक्षण झाले ते बहुतेक अशा सतरंज्यांवरच झाले. आमचे वडील मुंबईत गिरणीकामगार होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, घरात येणारा पगार थांबला, आणि सातवीत असतानाच आमची शाळा सुटली. पुढे लेथवर हेल्पर, मग फिटर, मग कामगार संघटनेचे काम, आणि रात्री सार्वजनिक वाचनालय, असा आमचा अभ्यासक्रम. तेव्हा प्राथमिक शाळेतल्या मुलांना विज्ञान कसे शिकवावे यावर बोलण्याचा अधिकार या माणसाला कोणी दिला, असे कोणी विचारले तर ते रास्तच होईल. अधिकार आमच्यापाशी नाही. कारण मात्र आहे. ते शेवटी सांगू. आधी विषय मांडू.

आमच्या संघटनेच्या कचेरीत गेली काही वर्षे रविवारी सकाळी एक वर्ग भरतो. तिसरी ते पाचवीतली कामगारांची पंचवीसेक मुले येतात. फळा, दोरी, दगड, पाण्याची बादली, मेणबत्ती आणि भिंतीवरचे सेकंदकाट्याचे घड्याळ, एवढेच साहित्य. या वर्गात आम्ही मुलांना जे शिकवले त्याहून मुलांनी आम्हाला अधिक शिकवले. त्यातले काही आज आपणापुढे ठेवतो.

दोरी ठराव मानत नाही

पहिल्याच रविवारी आम्ही छताच्या आकड्याला एक मीटर दोरी बांधली, तिला लिंबाएवढा दगड लावला आणि झोका दिला. मुलांना विचारले, "हा दगड काढून नारळाएवढा लावला, तर झोके भरभर होतील, की सावकाश, की तेवढेच?" मुलांनी क्षणाचाही विलंब न लावता हात वर केले. जवळजवळ सगळा वर्ग म्हणाला, जड दगड भरभर जाईल. तिघे-चौघे म्हणाले, सावकाश. "तेवढेच" असे म्हणणारे कोणीच नव्हते.

आम्हाला संघटनेच्या सभेची सवय. हात मोजले की ठराव पास झाला. संप करावा की नाही, वर्गणी वाढवावी की नाही, हे बहुमतानेच ठरले पाहिजे, आणि ते तसे ठरावे म्हणून आमचे अर्धे आयुष्य गेले. पण इथे आम्ही मुलांना म्हणालो, "ठराव पास झाला. आता दोरीला विचारू." लहान दगडाचे दहा झोके मोजले, घड्याळात वीस सेकंद. मोठ्या दगडाचे मोजले, पुन्हा वीसच्या आसपास. मुले गप्प झाली. मग एक जण म्हणाला, "सर, दोरीने आपला ठराव फेटाळला."

या एका वाक्यात विज्ञानाचे मर्म आले आहे असे आम्हाला वाटते. माणसांनी माणसांविषयी घ्यायचे निर्णय एका रीतीने होतात. जगात काय आहे हे मात्र दुसऱ्या रीतीने कळते. तिथे बहुमत चालत नाही, वय चालत नाही, मोठा आवाज चालत नाही. वर्गातल्या मोठ्या माणसाचेही चालत नाही. आठ वर्षांच्या पोराला हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी दिसले, की ते सहसा विसरत नाही.

या लंबकाने मोठमोठ्यांना विचार करायला लावले आहे. गॅलिलिओने १६०२ सालच्या एका पत्रात लंबकाच्या झोक्यांविषयी लिहिले आहे, आणि हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने १६५६ साली लंबकावर चालणारे घड्याळ बनवले. झोक्याचा वेळ मुख्यतः दोरीच्या लांबीवर अवलंबून असतो. एक मीटरच्या दोरीला एक पूर्ण झोका घ्यायला सुमारे दोन सेकंद लागतात. ती पाव मीटर केली की सुमारे एक सेकंद. लांबी चौथाई केली आणि वेळ निम्मा झाला, हे पाहून मुलांना जे नवल वाटते ते पुस्तकातले सूत्र पाठ करून वाटत नाही.

"नाही" म्हणणारे माप

आता ही रीत म्हणजे नेमके काय, ते आमच्या धंद्यातल्या उदाहरणाने सांगतो. कारखान्यात भोकाचे माप तपासायला एक साधे हत्यार असते, त्याला आम्ही गो-नोगो गेज म्हणतो. त्याची एक बाजू भोकात गेलीच पाहिजे. दुसरी बाजू जाताच कामा नये. दुसरी बाजू आत गेली तर भोक मोठे झाले, म्हणजे माल नापास. आता समजा, कोणी असे गेज आणले की जे कोणत्याही भोकात जाते आणि प्रत्येक मालाला पास म्हणते. त्याचा उपयोग काय? फोरमन ते भंगारात टाकील. ज्या गेजाला "नाही" म्हणता येत नाही, ते गेजच नव्हे.

विज्ञानातला प्रयोग हे असेच एक गेज आहे. आपल्या मनात एक अंदाज असतो. तो खोटा असेल तर तसे स्पष्ट दिसावे, अशी योजना करून निसर्गाला प्रश्न विचारायचा, आणि "नाही" असे उत्तर आले तर ते मुकाट्याने ऐकून घ्यायचे. बाकी सारे या मुख्य गोष्टीचे साहाय्यक आहे. आधी अंदाज बोलून किंवा लिहून ठेवायचा, म्हणजे मागाहून "मला हेच म्हणायचे होते" असे म्हणता येत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मोजायचे. पुन्हा करायचे. दुसऱ्याला करून पाहू द्यायचे. आणि जे दिसले ते लिहायचे, जे दिसायला हवे होते ते नव्हे.

एकच गोष्ट बदलायची, हे कलम दिसते सोपे, पण मोठी माणसेही तिथेच घसरतात. फ्रान्चेस्को रेदी या इटालियन वैद्याने १६६८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत आदर्श आहे. सडक्या मांसातून अळ्या आपोआप उत्पन्न होतात, असे लोक शतकानुशतके मानीत आले होते. रेदीने सारखेच मांस वेगवेगळ्या भांड्यांत ठेवले; काही भांडी उघडी, काही झाकलेली. उघड्या मांसात माश्या बसल्या आणि अळ्या झाल्या. झाकलेल्या मांसात झाल्या नाहीत. त्यावर कोणी म्हणेल, झाकण लावल्याने हवा कोंडली म्हणून झाल्या नसतील. म्हणून त्याने झाकणाऐवजी विरळ कापड बांधले. हवा गेली, माशी गेली नाही, आणि आतल्या मांसात अळ्या झाल्या नाहीत. यात न समजण्यासारखे काय आहे? चौथीतल्या मुलीला हे समजते.

आमच्या वर्गातल्या एका मुलीने तर आम्हालाच पकडले. मोठा दगड बांधला तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही दोन गोष्टी बदलल्या. मोठ्या दगडाचे पोट खाली आले, म्हणजे दोरी लांब झाली." तिचे म्हणणे बरोबर होते. लांबी मोजायची ती गाठीपर्यंत नव्हे, दगडाच्या मध्यापर्यंत. आम्ही दोरी आखूड करून पुन्हा मोजले. त्या दिवशी पन्नाशी उलटलेल्या फिटरला मापाचा धडा नऊ वर्षांच्या मुलीने दिला, आणि सगळ्या वर्गाने तो पाहिला. आमच्या मते त्या रविवारचा तोच खरा पाठ होता.

चूक आणि पाप

एकदा मुलांचे पाच गट केले आणि प्रत्येकाला एक मीटर दोरीचे दहा झोके मोजायला सांगितले. चार गटांचे उत्तर वीसच्या जवळपास आले, पाचव्याचे अठरा. त्या गटातला एक मुलगा हळूच अठरा खोडून वीस लिहू लागला. शाळेत त्याला हीच शिकवण मिळाली होती: उत्तर चुकले की खोडायचे आणि शेजाऱ्याचे पाहून लिहायचे. आम्ही त्याचा हात धरला आणि म्हणालो, "अठरा तसेच राहू दे. अठरा का आले ते शोधू." गटाने पुन्हा मोजून दाखवले. दगड सोडतानाच ते "एक" म्हणत होते. म्हणजे दहा म्हणेपर्यंत झोके झाले नऊच. नऊ दुणे अठरा! सोडताना "शून्य" म्हणायला हवे होते.

पोरांना केवढा आनंद झाला! खोडलेल्या अठरातून काहीच कळले नसते. न खोडलेल्या अठराने मोजायचे कसे ते पाचही गटांना शिकवले. आमच्या शाळांत चूक म्हणजे पाप समजतात. त्यामुळे मुले चूक करायचे थांबत नाहीत, लपवायला मात्र शिकतात. विज्ञानात चूक ही खुणेची जागा आहे. लपवलेली चूक पुढे कोणाच्या तरी अंगावर येते, हे ज्याने कारखान्यात काम केले आहे त्याला सांगायला नको.

घरातली मटकी

आता कोणी म्हणेल, हे सारे ठीक, पण त्याला प्रयोगशाळा पाहिजे. आमचे उत्तर असे की प्रयोगशाळा प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात आहे. कोणी तिकडे पाहत नाही इतकेच.

वर्गात आम्ही विचारले, बी रुजायला काय काय लागते? मुलांनी एका सुरात सांगितले: "हवा, पाणी, सूर्यप्रकाश." मग विचारले, काल रात्री कोणाच्या घरी मटकी भिजत घातली होती? सात-आठ हात वर झाले. "आई ती कुठे ठेवते?" "फडक्यात बांधून डब्यात." "डब्यात ऊन असते का?" वर्ग शांत. एक मुलगा पुटपुटला, "पण मटकी म्हणजे बी थोडीच? ती उसळ."

श्रोतेहो, या उत्तरावर हसण्याआधी आपण विचार करावा. शाळेतले बी वेगळे आणि घरातली मटकी वेगळी, असे त्या मुलाच्या डोक्यात दोन कप्पे झाले आहेत. एका कप्प्यातले परीक्षेत लिहायचे, दुसऱ्यातले खायचे. दोघांची गाठ कधी पडत नाही. आणि आईला जन्मभर जे ठाऊक आहे ते ज्ञान नव्हे, असेही तो नकळत शिकला आहे.

पुढच्या आठवड्यात मुलांनी चार वाट्या मांडल्या. एक उजेडात, एक अंधारात, एक कोरडी, आणि एक पाण्यात पूर्ण बुडवलेली. ओल्या फडक्यातली मटकी उजेडात रुजली, अंधारातही रुजली. कोरडी जशीच्या तशी. बुडवलेली फुगली आणि काही दिवसांत कुजून वास मारू लागली. पाणी हवे, हवा हवी, ऊबही हवी. मटकीला रुजायला ऊन लागत नाही. मग एकीने दोन्ही वाट्या तशाच पुढे वाढू दिल्या. अंधारातली रोपे उंच, पांढुरकी आणि लुळी झाली. उजेडातली बुटकी पण हिरवी आणि ताठ. म्हणजे रुजायला ऊन नको, पण पुढे वाढायला हवे. बियांत साठवलेली शिदोरी संपली की पानांना उन्हात आपले अन्न करावे लागते.

इथेही थांबून चालत नाही. "कोणत्याच बीला उजेड लागत नाही" असे एकाने वहीत लिहिले, तेव्हा आम्ही विचारले, "किती प्रकारच्या बिया पाहिल्यास?" वस्तुस्थिती अशी की लेट्यूस, तंबाखू यांच्या कित्येक जातींच्या बारीक बिया प्रकाश मिळाल्यावाचून नीट रुजत नाहीत. म्हणून त्याने वाक्य बदलले: "मटकीला रुजायला उजेड लागत नाही." जेवढे पाहिले तेवढेच बोलायचे, ही शिस्तही विज्ञानाचीच. आमच्यासारख्या भाषणे करणाऱ्यांना ती फार जड जाते.

पुस्तकातले वाक्यही तपासावे

आणखी एक प्रयोग आपणांपैकी पुष्कळांनी शाळेत पाहिला असेल. बशीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, तिच्यावर उपडा ग्लास. थोड्या वेळाने मेणबत्ती विझते आणि पाणी ग्लासात चढते. आम्हाला मास्तरांनी सांगितले होते की मेणबत्तीने प्राणवायू खाल्ला, त्याची जागा रिकामी झाली, म्हणून पाणी चढले. पुष्कळ ठिकाणी अजून असेच सांगतात.

आता हे वाक्य गेजावर धरू. हे खरे असेल तर तेवढ्याच ग्लासाखाली एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या तरी पाणी तितकेच चढले पाहिजे. कारण ग्लासातला प्राणवायू तेवढाच आहे. मुलांनी तीन लावल्या. (पेटवणे मोठ्या माणसाने करावे, हे सांगायला नको.) पाणी स्पष्टपणे अधिक चढले. शिवाय नीट पाहिले तर दिसते की ज्योत जळत असताना पाणी फारसे चढत नाही. विझता विझता आणि विझल्यावर ते भरभर चढते. म्हणजे मुख्य कारण निराळे आहे. ज्योतीने आतली हवा तापते, फुगते आणि काही बाहेर पडते. ज्योत विझली की उरलेली हवा निवते, आकसते, आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत रेटतो. प्राणवायू खर्च होतो हे खरेच. पण सगळा होत नाही, आणि त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार होते.

यावरून मुलांनी पुस्तके फेकून द्यावीत असे आम्ही म्हणत नाही. पुस्तकांनीच आम्हाला माणसात आणले. आमचे म्हणणे एवढेच की पुस्तकातल्या वाक्यालाही विचारता येते: "हे कसे कळले?" हा प्रश्न उद्धटपणाचा नव्हे, आदराचा आहे. ज्याने एक गोष्ट स्वतः तपासली आहे, त्यालाच दुसऱ्याने तपासलेल्या हजार गोष्टींची किंमत कळते.

मेणबत्तीवरून मायकेल फॅरेडेची आठवण होते. लोहाराचा हा मुलगा चौदाव्या वर्षी बुकबाइंडरकडे उमेदवार राहिला आणि बांधायला आलेली पुस्तके वाचू लागला. १८१२ साली एका गिऱ्हाइकाने त्याला लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील सर हंफ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. त्याने ती ऐकली, टिपणे काढली, स्वतःच्या हाताने बांधून डेव्हींकडे पाठवली, आणि १८१३ साली त्याच संस्थेत मदतनीस म्हणून लागला. पुढे विजेचे जनित्र ज्या तत्त्वावर चालते ते १८३१ साली त्याने शोधले. त्या संस्थेत नाताळात मुलांसाठी व्याख्याने देण्याची प्रथा १८२५ साली पडली. १८६०-६१ च्या नाताळात फॅरेडेने मुलांपुढे व्याख्याने दिली ती एका साध्या मेणबत्तीवर. विझलेल्या मेणबत्तीच्या धुराला काडी लावली की ज्योत उडी मारून वातीवर जाते, म्हणजे जळते ती मेणाची वाफ, हे त्याने मुलांना करून दाखवले. व्याख्यान ऐकायला आलेल्या एका कामगार पोरातून जगाचा केवढा लाभ झाला! सतरंजीवर बसलेल्यांना कमी लेखू नये, ते यासाठी.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की न्यूटनला आणि पाश्चरला जे शोधायला आयुष्य लागले ते मुले स्वतः कशी शोधणार? आक्षेप खरा आहे. सगळे काही मुलांनी शोधावे असे म्हणणे वेडेपणाचे होईल. जंतू आहेत की नाहीत हे गढूळ पाणी पिऊन तपासायचे नसते. पुष्कळसे ज्ञान विश्वासानेच घ्यावे लागते. प्रश्न आहे तो विश्वास कोणावर ठेवायचा हा. जो माणूस "मी असे तपासले, तुम्हीही तपासा, चुकले असेल तर सांगा" म्हणतो, त्याच्यावर ठेवायचा, की जो "प्रश्न विचारू नका" म्हणतो, त्याच्यावर? हा फरक ओळखायला मुलाने निदान पाच-दहा वेळा तरी स्वतः तपासण्याचे कष्ट घेतलेले असले पाहिजेत. मोबाईलवर रोज येणाऱ्या निरोपांच्या काळात तर याची गरज अधिकच.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो आम्हाला अधिक मोलाचा वाटतो. ते म्हणतात, अभ्यासक्रम संपवायचा, परीक्षा घ्यायची, कागद भरायचे, यात दोरी आणि मटकीला वेळ कुठून आणायचा? शिक्षण हक्काच्या २००९ सालच्या कायद्याने प्राथमिक वर्गांसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण घालून दिले आहे. पण कायद्यातला शिक्षक आणि वर्गातला शिक्षक यांत पुष्कळदा अंतर असते. कामगारांच्या कार्यकर्त्याने शिक्षकावर आणखी बोजा टाकावा हे शोभणारे नाही. म्हणून जिथे हे काम झाले त्याचे उदाहरण देतो.

मध्य प्रदेशात, तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात, किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १९७२ साली सोळा सरकारी शाळांत सहावी ते आठवीसाठी असे विज्ञान सुरू केले. खेड्यातली मुले शेतात, ओढ्यात जाऊन पाहत, हाताने प्रयोग करीत, वहीत लिहीत. १९७८ साली तो कार्यक्रम सबंध जिल्ह्यात गेला. परीक्षेला पुस्तक आणि वही उघडी ठेवण्याची मुभा होती, कारण पाठांतर तपासायचे नव्हते. शिक्षकांना एकटे सोडले नव्हते. त्यांची शिबिरे होत, दरमहा बैठका होत, विद्यापीठातले आणि संशोधनसंस्थांतले शास्त्रज्ञ त्यांच्याबरोबर जमिनीवर बसत. २००२ साली राज्यशासनाने तो बंद केला. परंतु तीस वर्षे साध्या सरकारी शाळांत हे चालले, ही गोष्ट पुसली जात नाही. आपल्या मुंबईत १९७४ साली स्थापन झालेले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. त्यांनी प्राथमिक वर्गांसाठी अशाच रीतीची पुस्तके तयार केली आहेत. तात्पर्य, मार्ग नाही असे नाही. शिक्षकाला वेळ, सोबत आणि चुकण्याची मोकळीक द्यावी लागते, आणि ती मागण्याचे काम पालकांचे आहे.

कारण

आता सुरुवातीला राखून ठेवलेले कारण सांगतो.

एका फाउंड्रीत आम्ही संघटनेचे काम करीत होतो. तिथे फेटलिंग विभागात, म्हणजे ओतीव मालाला चिकटलेली वाळू घासून काढतात तिथे, कामगार खोकत. मालक म्हणे, बिड्या ओढतात म्हणून खोकतात. आम्ही म्हणत असू, धुळीने. ते मोठ्याने म्हणत, आम्ही त्याहून मोठ्याने म्हणत असू. द्वारसभा झाल्या, घोषणा झाल्या, निवेदने झाली. दोन वर्षे गेली. मग एका डॉक्टरांनी आम्हाला सहज विचारले, "तुमच्या फेटलिंगमध्ये बिडी न ओढणारे किती? त्यांच्यातले खोकणारे किती? आणि मशीनशॉपमधले बिडी ओढणारे किती खोकतात?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. दोन वर्षांत आम्ही मोजलेच नव्हते.

त्या रात्री आम्ही एक वही घातली. नाव, विभाग, किती वर्षे, बिडी आहे की नाही, खोकला आहे की नाही. महिनाभर घरोघर फिरलो. फेटलिंगमध्ये बिडी न ओढणारेही खोकत होते. मशीनशॉपमध्ये बिडी ओढणारेसुद्धा तितके खोकत नव्हते. वही म्हणजे निदान नव्हे. पण ती वही पाहून तपासणीची मागणी टाळता येईना. क्ष-किरण तपासणीत काही जणांना सिलिकोसिस निघाला. बारीक वाळूच्या धुळीने फुफ्फुसाला होणारा हा रोग बरा होत नाही. फक्त आणखी धूळ जाणे थांबवता येते. धूळ ओढून नेणारे पंखे मग बसले.

त्याच वहीने आमचीही एक मागणी खोटी पाडली. कॅन्टीनच्या पाण्याने पोटाचे विकार होतात असे आम्ही भाषणांत ठासून सांगत होतो. वहीत दिसले की घरून पाणी आणणाऱ्यांनाही ते तितकेच होत होते. आम्ही ती मागणी मागे घेतली. सभासद रागावले, काहींनी आम्हाला फितूर म्हटले. पण गेज आपल्या बाजूने बोलला की खरा आणि विरुद्ध बोलला की खोटा, असे म्हणता येत नाही.

पंखे बसण्यापूर्वी आमचा एक सोबती गेला. तो बिडी ओढत नसे. त्याला वाचवता आले असते की नाही हे आम्ही सांगू शकत नाही. पण ज्या दोन वर्षांत आम्ही घोषणा दिल्या आणि मोजले नाही, ती दोन वर्षे तो धूळ घेत होता. त्या वर्षांचा जाब आम्हाला मालकाकडे मागता येत नाही. तो आमच्या खात्यावर आहे.

डॉक्टरांचा प्रश्न चौथीतल्या मुलाला सुचण्यासारखा होता. एकच गोष्ट बदला, मग पाहा. आम्हाला तो चाळिशीत, इतकी किंमत देऊन शिकावा लागला. म्हणून तो रविवारचा वर्ग, आणि म्हणून आजचे हे बोलणे.

आपण घरी गेल्यावर मुलाने काही विचारले, तर लगेच उत्तर देऊ नका. "तुला काय वाटते?" असे आधी विचारा. मग "ते खोटे असेल तर आपल्याला कसे कळेल?" असे विचारा. आपल्याला उत्तर येत नसेल तर "मला ठाऊक नाही, पाहू या" असे म्हणा. त्याने आईबापांची प्रतिष्ठा कमी होत नाही. शाळेच्या पालकसभेत गुणांबरोबर एवढेही विचारा की या महिन्यात मुलांनी स्वतः काय मोजले. आपल्या राज्यघटनेत १९७६ च्या दुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून घातले गेले. त्या कर्तव्याची सुरुवात मोठ्या ग्रंथांपासून होण्याची गरज नाही. उद्या सकाळी मटकीचे फडके सोडताना मुलाला जवळ बोलवा, म्हणजे झाली.